दमनक प्रथिन

दमनक प्रथिन म्हणजे डीएनएवरील ठरावीक क्रमाला जोडले जाऊन एखाद्या जनुकाचे किंवा जनुकसमूहाचे प्रतिलेखन थांबवणारे अथवा कमी करणारे नियामक प्रथिन होय. जीवाणूंमधील जनुक-नियंत्रणाचा हा सर्वांत आधी उलगडलेल्या मार्गांपैकी एक आहे. दमनक डीएनएला ज्या जागी जोडला जातो, त्या जागेला प्रचालक किंवा ऑपरेटर असे म्हणतात. बहुतेक दमनकांना एखादा लघुरेणू ओळखता येतो. हा लघुरेणू शर्करा, अमिनो आम्ल, धातूचा आयन किंवा प्रतिजैविक असू शकतो. तो जोडला गेला की दमनकाचा आकार किंचित बदलतो आणि डीएनएवरची त्याची पकड सुटते अथवा घट्ट होते. अशा रीतीने दमनक एकाच वेळी परिस्थितीचा संवेदक आणि जनुकाची कळ अशी दोन्ही कामे करतो.

दमनकाच्या नियंत्रणाखालील जनुक बंद ठेवण्यासाठी शाबूत दमनक सतत उपलब्ध असावा लागतो. दमनक नष्ट झाला की जनुक कायमचे चालू राहते. या साध्या नियमावरूनच १९५० च्या दशकाअखेरीस दमनकाचे अस्तित्व ओळखले गेले. क्षयरोगाच्या जीवाणूंमध्ये आज आढळणाऱ्या काही औषधप्रतिकाराचे मूळही याच नियमात आहे.

पार्श्वभूमी

जनुकातील माहितीपासून प्रथिन तयार होण्याची पहिली पायरी म्हणजे प्रतिलेखन. या पायरीत आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएचा एक धागा वाचत त्याला पूरक असा आरएनए बनवते. जीवाणूंमध्ये हे विकर सिग्मा या घटकाच्या साहाय्याने जनुकाच्या सुरुवातीचा क्रम ओळखते. या क्रमाला प्रवर्तक किंवा प्रमोटर म्हणतात. विकर प्रवर्तकाला जोडले गेल्यावर तेथील डीएनएचे दोन धागे थोड्या अंतरापर्यंत विलग होतात, आरएनएची जुळणी सुरू होते आणि मग विकर प्रवर्तक सोडून पुढे सरकते. जोडणी, विलगीकरण, सुरुवात आणि पुढची वाटचाल यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडथळा आणता येतो.

एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय) या आतड्यातील जीवाणूच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख बेस-जोड्या आणि प्रथिनांची माहिती असणारी सुमारे ४,३०० जनुके असतात. ही सर्व प्रथिने सदैव तयार करणे पेशीला परवडणारे नसते. जीवाणूंमधील संदेशवाहक आरएनए सामान्यतः काही मिनिटांतच नष्ट होतो. त्यामुळे प्रतिलेखन थांबले की संबंधित प्रथिनाची निर्मितीही लवकरच थांबते. आधी तयार झालेले प्रथिन मात्र बहुधा पेशीविभाजनाबरोबर हळूहळू विरळ होत जाते.

जीवाणूंमध्ये एकाच कार्याशी संबंधित जनुके पुष्कळदा एकापुढे एक मांडलेली असतात आणि एकाच प्रवर्तकावरून त्यांचे एकत्र प्रतिलेखन होते. अशा समूहाला ओपेरॉन म्हणतात. एक दमनक प्रवर्तकाजवळ बसून संपूर्ण ओपेरॉन बंद करू शकतो.

प्रथिनांद्वारे होणारे नियंत्रण दोन प्रकारचे असते. ऋण नियंत्रणात नियामक प्रथिन प्रतिलेखन अडवते, तर धन नियंत्रणात सक्रियक प्रथिन आरएनए पॉलिमरेजला साहाय्य करते. नियामक प्रथिन निकामी केल्यास काय होते, यावरून हे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. ऋण नियंत्रणात जनुक कायमचे चालू राहते. धन नियंत्रणात ते कायमचे बंद पडते.

शोधाचा इतिहास

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जॅक मोनो यांनी १९४० च्या सुमारास असे निरीक्षण केले की ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन शर्करांच्या मिश्रणात जीवाणू वाढवले असता ते आधी ग्लुकोज संपवतात, काही काळ त्यांची वाढ थांबते आणि नंतर ते लॅक्टोजवर वाढू लागतात. लॅक्टोजचे विघटन करणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लॅक्टोजच्या उपस्थितीतच मोठ्या प्रमाणात तयार होते, हे पुढे स्पष्ट झाले. लॅक्टोज ही निर्मिती सुरू करतो की निर्मितीवरील अडसर दूर करतो, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आर्थर पार्डी, फ्रान्स्वा जेकब आणि मोनो यांनी केलेल्या प्रयोगाने या प्रश्नाला दिशा मिळाली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘पाजामो’ या नावाने ओळखला जातो. लॅक्टोज नसतानाही विकर सतत बनवणारे उत्परिवर्तित जीवाणू तोपर्यंत हाती आले होते. त्यांतील दोष ‘आय’ या जनुकात होता. प्रयोगात शाबूत ‘आय’ जनुक आणि शाबूत विकर-जनुक असलेला डीएनए जीवाणूंच्या संयुग्मनाद्वारे अशा पेशींमध्ये सोडण्यात आला, की ज्यांमध्ये ही दोन्ही जनुके सदोष होती. प्रेरक रेणू नसतानाही काही मिनिटांतच त्या पेशींमध्ये विकराची निर्मिती सुरू झाली, आणि तासाभराच्या आसपास ती थांबली.

याचा अर्थ असा लावण्यात आला की नव्याने आलेल्या ‘आय’ जनुकापासून काहीतरी पदार्थ तयार होतो, तो पेशीद्रवात साठत जातो आणि पुरेसा साठल्यावर विकराची निर्मिती अडवतो. एकाच पेशीत शाबूत आणि सदोष अशी ‘आय’ जनुकाची दोन्ही रूपे असल्यास शाबूत रूपाचा प्रभाव दिसतो, ही बाबही या अर्थाशी जुळणारी होती. याउलट, प्रचालकातील उत्परिवर्तनांचा परिणाम फक्त त्याच डीएनए-रेणूवरील लगतच्या जनुकांपुरता मर्यादित राहतो. म्हणजेच ‘आय’ जनुकापासून पेशीभर पसरणारा पदार्थ बनतो, तर प्रचालक ही डीएनएवरील एक जागा आहे.

जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये ओपेरॉनची संकल्पना सविस्तर मांडली. दमनक आरएनएचा बनलेला असावा, असा त्या वेळी त्यांचा कल होता. पुढील उत्परिवर्तनांच्या अभ्यासातून तो प्रथिन असल्याचे दिसून आले. १९६५ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक जेकब, मोनो आणि आंद्रे ल्वॉफ यांना विभागून देण्यात आले.

तोपर्यंत दमनक प्रत्यक्षात कोणी वेगळा केलेला नव्हता. हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी १९६६ मध्ये लॅक दमनक वेगळा केला. एका पेशीत त्याचे रेणू अगदी मोजके असल्यामुळे हे काम अवघड होते. त्यांनी आयपीटीजी या प्रेरकाचे किरणोत्सारी रूप वापरले आणि पेशींच्या अर्कातील कोणता अंश या प्रेरकाला धरून ठेवतो ते तपासले. मार्क टाश्नी यांनी १९६७ मध्ये लॅम्डा या जीवाणुभक्षी विषाणूचा दमनक वेगळा केला आणि तो लॅम्डाच्या डीएनएला थेट जोडला जातो हे दाखवले. १९७३ मध्ये गिल्बर्ट आणि ॲलन मॅक्सम यांनी लॅक प्रचालकाचा २४ बेस-जोड्यांचा क्रम प्रसिद्ध केला.

रचना

जीवाणूंमधील बरेच दमनक दोन किंवा चार एकसारख्या घटकांचे बनलेले असतात. ते ज्या प्रचालकांना जोडले जातात, त्यांचे क्रमही बहुधा जवळपास सममित असतात. प्रचालकाचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्या भागाचे उलट दिशेचे प्रतिरूप असतो आणि दमनकाचा एकेक घटक एकेका अर्ध्या भागाला जोडला जातो.

डीएनए ओळखण्यासाठी सर्वाधिक आढळणारी रचना म्हणजे ‘सर्पिल-वळण-सर्पिल’. यात प्रथिनसाखळीचे दोन लहान सर्पिल एका वळणाने जोडलेले असतात. त्यांपैकी दुसरा सर्पिल डीएनएच्या मोठ्या खाचेत बसतो आणि त्याची अमिनो आम्ले तेथील बेसच्या कडांशी संपर्क साधतात. यामुळे डीएनएचे धागे विलग न करताही त्यातील क्रम ओळखता येतो. सर्वच दमनक ही रचना वापरत नाहीत. मिथिओनिनच्या जनुकांचे नियंत्रण करणारा मेटजे हा दमनक सर्पिलाऐवजी प्रथिनाच्या पट्टीसारख्या भागाने डीएनएला स्पर्श करतो.

लॅक दमनकाचा प्रत्येक घटक ३६० अमिनो आम्लांचा असून असे चार घटक एकत्र येतात. घटकाच्या सुरुवातीचा लहान भाग डीएनएला जोडला जातो, मधला मोठा भाग प्रेरकाला धरतो आणि शेवटचा सर्पिल चारही घटकांना एकत्र बांधतो. या दमनकाची संपूर्ण त्रिमितीय रचना १९९६ मध्ये क्ष-किरण स्फटिकशास्त्राने निश्चित करण्यात आली.

दमनाच्या पद्धती

दमनक निरनिराळ्या मार्गांनी प्रतिलेखन रोखतात. काही दमनक एकाहून अधिक मार्ग वापरतात.

१. प्रवर्तकाची जागा अडवणे. प्रचालक आणि प्रवर्तक यांचे क्रम एकमेकांत मिसळलेले असतात. दमनक बसलेला असताना आरएनए पॉलिमरेजला तेथे जोडले जाता येत नाही. हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

२. डीएनएचा फास तयार करणे. दमनक एकमेकांपासून दूर असलेल्या दोन प्रचालकांना एकाच वेळी धरतो आणि मधल्या डीएनएचा फास तयार होतो. लॅक ओपेरॉनमध्ये मुख्य प्रचालकाखेरीज आणखी दोन प्रचालक आहेत. त्यांपैकी एक सुमारे ४०० बेस-जोड्या पुढे, तर दुसरा सुमारे ९० बेस-जोड्या मागे असतो. मुख्य प्रचालक शाबूत ठेवून हे दोन्ही साहाय्यक प्रचालक निकामी केले असता दमनाचे प्रमाण सुमारे १,३०० पटींवरून २० पटींच्याही खाली येते, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. साहाय्यक प्रचालक एकट्याने फारसे दमन करत नाहीत. ते दमनकाला मुख्य प्रचालकाच्या परिसरात टिकवून ठेवतात.

३. सक्रियकाला निष्प्रभ करणे. येथे दमनक आरएनए पॉलिमरेजला थेट अडवत नाही, तर त्याला साहाय्य करणाऱ्या प्रथिनाचे काम रोखतो. ई. कोलायमधील सायटआर हा दमनक सीआरपी या सक्रियकाला लागून बसतो आणि त्याचा प्रभाव नाहीसा करतो.

४. पॉलिमरेजला प्रवर्तकावरच रोखून धरणे. काही ठिकाणी विकर प्रवर्तकाला जोडले जाते, परंतु पुढे सरकू शकत नाही. बॅसिलस सटिलिसच्या फाय-२९ या विषाणूचे पी-४ हे प्रथिन एका प्रवर्तकावर विकराची पकड इतकी घट्ट करते की विकर तेथून सुटत नाही. अतिघट्ट पकडसुद्धा प्रतिलेखनाला मारक ठरते.

५. वाटेत अडथळा उभा करणे. प्रचालक जनुकाच्या आत असल्यास प्रतिलेखन सुरू होते, मात्र पुढे दमनकाला अडून ते थांबते.

६. विस्तृत भाग निःशब्द करणे. एच-एनएस हे प्रथिन एका लहान प्रचालकापुरते मर्यादित न राहता ॲडेनिन आणि थायमिन यांचे प्रमाण अधिक असलेल्या डीएनएवर पसरत जाते. इतर जीवाणूंकडून आलेल्या डीएनएमध्ये हे प्रमाण पुष्कळदा अधिक असते. त्यामुळे साल्मोनेला आणि ई. कोलायमध्ये एच-एनएस परकी जनुके शांत ठेवण्याचे काम करते. आमांश घडवणाऱ्या शिगेला जीवाणूत रोगकारक जनुकांवरील हे दमन शरीराच्या, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानाला सैल होते.

लघुरेणूंची भूमिका

दमनक आणि लघुरेणू यांच्या नात्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात लघुरेणू नसताना दमनक डीएनएला जोडलेला असतो आणि लघुरेणू आला की तो सुटतो. अशा लघुरेणूला प्रेरक म्हणतात. अन्नपदार्थांचे विघटन करणाऱ्या जनुकांमध्ये हा प्रकार सामान्यतः आढळतो. पदार्थ नसेल तर त्यासाठीचे विकर बनवण्याची गरज नसते.

दुसऱ्या प्रकारात दमनक एकटा दुबळा असतो आणि लघुरेणू जोडला गेल्यावरच डीएनएला घट्ट धरतो. अशा लघुरेणूला सहदमनक म्हणतात. अमिनो आम्ले, प्युरिन इत्यादी पदार्थ बनवणाऱ्या जनुकांमध्ये हा प्रकार दिसतो. तयार पदार्थाचा साठा पुरेसा असल्यास त्याची निर्मिती थांबते.

दोन्ही प्रकारांत लघुरेणू दमनकाच्या डीएनए धरणाऱ्या भागापासून दूर असलेल्या पोकळीत बसतो आणि त्याचा परिणाम प्रथिनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. या गुणधर्माला ॲलोस्टेरी म्हणतात. याचा एक महत्त्वाचा परिणाम असा की लघुरेणू आणि तो ज्या जनुकांचे नियंत्रण करतो ती जनुके यांच्यात कोणतेही रासायनिक साम्य असण्याची गरज उरत नाही. उत्क्रांतीच्या ओघात कोणताही संकेत कोणत्याही जनुकाशी जोडला जाऊ शकतो, याकडे मोनो यांनी विशेष लक्ष वेधले होते.

प्रमुख उदाहरणे

लॅक दमनक

ई. कोलायच्या लॅक ओपेरॉनमध्ये तीन जनुके आहेत. त्यांपासून अनुक्रमे बीटा-गॅलॅक्टोसिडेज, लॅक्टोज पेशीत आणणारे वाहक प्रथिन आणि एक ॲसिटिलट्रान्सफरेज तयार होते. लॅक दमनकाचे जनुक या ओपेरॉनच्या शेजारीच असते आणि त्याला स्वतःचा प्रवर्तक असतो. पेशीत या दमनकाचे सुमारे दहाच चतुर्घटकी रेणू असतात.

या दमनकाचा नैसर्गिक प्रेरक लॅक्टोज नसून त्यापासून बनणारा ॲलोलॅक्टोज हा पदार्थ आहे, आणि लॅक्टोजचे ॲलोलॅक्टोजमध्ये रूपांतर बीटा-गॅलॅक्टोसिडेजच करते. म्हणजे ओपेरॉन चालू होण्यासाठी त्याच ओपेरॉनची उत्पादने थोड्या प्रमाणात आधीच हजर असावी लागतात. दमन पूर्ण नसल्यामुळे हे शक्य होते. दमनक अधूनमधून प्रचालकावरून सुटतो आणि तेवढ्या अवधीत काही थोडी प्रथिने तयार होतात. ही गळती नसती तर पेशीला लॅक्टोजची चाहूलच लागली नसती. प्रयोगशाळेत प्रेरक म्हणून वापरला जाणारा आयपीटीजी हा पदार्थ पेशीत पचवला जात नाही, त्यामुळे त्याचे प्रमाण स्थिर राहते.

ग्लुकोज उपलब्ध असताना लॅक ओपेरॉन कमी चालतो, या परिणामाला अपचयी दमन असे म्हणण्याची प्रथा आहे. नावात दमन असले तरी हा लॅक दमनकाचा परिणाम नव्हे. ग्लुकोजच्या उपस्थितीत सीआरपी या सक्रियकाचे साहाय्य कमी होते आणि लॅक्टोजचा पेशीतील प्रवेशही रोखला जातो.

ट्रिप दमनक

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या पाच जनुकांच्या ओपेरॉनचे नियंत्रण हा द्विघटकी दमनक करतो. येथे ट्रिप्टोफॅन स्वतःच सहदमनक असतो. तो दमनकाच्या दोन घटकांमध्ये बसला की डीएनए ओळखणाऱ्या सर्पिलांमधील अंतर आणि कल प्रचालकाला अनुरूप होतो. चार्ल्स यानोफ्स्की यांच्या संशोधनातून या ओपेरॉनवर दुसरे नियंत्रणही असल्याचे दिसले. सुरू झालेले प्रतिलेखन ट्रिप्टोफॅन मुबलक असल्यास सुरुवातीच्या भागातच संपुष्टात येते. या क्रियेला क्षीणन म्हणतात. दमनामुळे प्रतिलेखन सुमारे ७० पटींनी घटते आणि क्षीणनामुळे त्यात साधारण दहा पटींची भर पडते.

लॅम्डा दमनक आणि लेक्सए

लॅम्डा विषाणू ई. कोलायच्या डीएनएमध्ये स्वतःचा डीएनए मिसळून पिढ्यान्‌पिढ्या सुप्त राहू शकतो. ही सुप्तावस्था सीआय या दमनकामुळे टिकते. सीआय विषाणूची जवळजवळ सर्व जनुके बंद ठेवतो, मात्र स्वतःच्या जनुकाला चालना देतो. म्हणजे एकच प्रथिन एका प्रवर्तकावर दमनक आणि शेजारच्या प्रवर्तकावर सक्रियक असते. त्याचे प्रमाण फार वाढल्यास ते स्वतःचे जनुकही बंद करते.

अतिनील किरणांमुळे किंवा अन्य कारणाने पेशीच्या डीएनएला इजा झाली की ही स्थिती पालटते. इजा झालेल्या डीएनएवर रेकए या प्रथिनाचे तंतू तयार होतात. त्यांच्या संपर्कात सीआय स्वतःचेच दोन तुकडे करतो, दमन संपते आणि विषाणू जागा होऊन पेशी फोडून बाहेर पडतो. जीवाणूचा स्वतःचा लेक्सए हा दमनकही याच प्रकारे तुटतो. लेक्सए ई. कोलायमध्ये डीएनए-दुरुस्तीच्या सुमारे ४० जनुकांवर नियंत्रण ठेवतो. त्याच्या तुटण्याने सुरू होणाऱ्या या प्रतिसादाला एसओएस प्रतिसाद म्हणतात. येथे संकेत लघुरेणूऐवजी प्रथिनाच्या विच्छेदनातून पोहोचतो, त्यामुळे पूर्वस्थितीवर येण्यासाठी नवा दमनक बनवावा लागतो.

प्रचालकाचा शोध

पेशीतील दहाएक दमनकांनी ४६ लाख बेस-जोड्यांमधून वीसएक बेस-जोड्यांची एक जागा कशी शोधावी, हा दीर्घकाळ चर्चेचा विषय होता. १९७० मध्ये परीक्षानळीतील प्रयोगांत लॅक दमनक प्रचालकाला अपेक्षेहून खूपच जलद जोडला जातो असे आढळले. रेणूंची द्रवातील मुक्त हालचाल तेवढीच गृहीत धरली तर एवढा वेग शक्य नव्हता. याचे स्पष्टीकरण असे की दमनक आधी डीएनएच्या कोणत्याही भागाला सैलपणे जोडला जातो, त्यावरून थोडे अंतर घसरत जातो, सुटतो आणि दुसरीकडे पुन्हा जोडला जातो. २००७ मध्ये जिवंत ई. कोलाय पेशींमध्ये दमनकाचे सुटे रेणू प्रकाशमान करून हे वर्तन पाहण्यात आले.

या सैल जोडणीचा प्रेरणाशीही संबंध आहे. प्रेरक जोडला गेल्यावर दमनक डीएनएपासून पूर्णपणे दूर जातोच असे नाही. प्रचालकासाठीची त्याची ओढ सुमारे हजार पटींनी घटते आणि उरलेल्या डीएनएच्या स्पर्धेत प्रचालक मोकळा राहतो.

वैद्यकीय महत्त्व

औषधप्रतिकार

जीवाणूंमध्ये औषध पेशीबाहेर फेकणारे अनेक पंप असतात. हे पंप सदैव चालवणे पेशीला महाग पडते, म्हणून त्यांची जनुके बहुधा दमनकांच्या नियंत्रणात असतात. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा पंप टेटआर या दमनकामुळे बंद असतो. टेट्रासायक्लिन पेशीत शिरून मॅग्नेशियमसह टेटआरला जोडले गेले की पंपाचे जनुक चालू होते. ही जोडणी इतकी संवेदनशील आहे की औषधाने प्रथिननिर्मिती ठप्प होण्यापूर्वीच पंप तयार होतो.

दमनकाचे जनुकच बिघडले तर पंप कोणत्याही संकेताविना चालू राहतो. ई. कोलायमधील मारआर या दमनकातील उत्परिवर्तनांमुळे एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धचा प्रतिकार वाढतो.

क्षयरोगाच्या जीवाणूमधील आरव्ही०६७८ हे जनुक याच कुळातील दमनक बनवते. हा दमनक एका पंपाची जनुके बंद ठेवतो. बहुऔषधप्रतिरोधक क्षयरोगावर वापरले जाणारे बेडाक्विलिन तसेच क्लोफाझिमिन ही दोन्ही औषधे हा पंप बाहेर टाकतो. दमनक निकामी करणाऱ्या उत्परिवर्तनामुळे दोन्ही औषधांचा प्रभाव एकाच वेळी कमी होतो. बेडाक्विलिनविरुद्ध रुग्णांमध्ये आढळणाऱ्या प्रतिकाराचे हे प्रमुख कारण आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सर्वाधिक रुग्ण भारतात असल्यामुळे आणि २०१६ पासून येथे हे औषध राष्ट्रीय कार्यक्रमातून दिले जात असल्यामुळे या यंत्रणेला येथे विशेष महत्त्व आहे.

या प्रतिकाराचे निदान अवघड असण्याचे कारणही ऋण नियंत्रणाच्या स्वरूपात आहे. रिफाम्पिसिनविरुद्धच्या प्रतिकारात आरएनए पॉलिमरेजचे काम टिकवून फक्त औषधाची जोडणी बिघडवावी लागते. म्हणून तेथील बहुसंख्य उत्परिवर्तने ८१ बेस-जोड्यांच्या एका लहान भागात एकवटलेली असतात आणि तेवढाच भाग तपासणाऱ्या जलद चाचण्या करता येतात. दमनक मोडण्यासाठी मात्र त्याच्या जनुकात जवळजवळ कोठेही झालेला बिघाड पुरेसा ठरू शकतो. त्यामुळे संपूर्ण जनुकाचा क्रम वाचावा लागतो. शिवाय आढळलेला प्रत्येक बदल दमनकाला निकामी करतोच असे नाही, आणि पंपाचे जनुक आधीच सदोष असेल तर दमनक मोडूनही प्रतिकार निर्माण होत नाही.

दमन उठणे नेहमी रुग्णाला अपायकारकच असते असे नाही. एथिओनामाइड हे क्षयरोगाचे औषध जीवाणूच्या एथए या विकरामुळे कार्यक्षम रूपात येते आणि या विकराचे जनुक एथआर हा दमनक दाबून ठेवतो. एथआरला निष्प्रभ करणारे रेणू दिल्यास तेच औषध अधिक प्रभावी ठरते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

जीवविषांची निर्मिती

घटसर्पाचे जीवविष बनवणारे जनुक मूळचे जीवाणूचे नसून त्याच्या डीएनएमध्ये सामील झालेल्या विषाणूचे असते. त्याचे दमन मात्र जीवाणूचा डीटीएक्सआर हा दमनक करतो. लोह पुरेसे असल्यास लोहाचा आयन सहदमनक म्हणून काम करतो आणि जनुक बंद राहते. मानवी ऊतींमध्ये जीवाणूंना मुक्त लोह फारच थोडे मिळते, त्यामुळे तेथे दमन उठते आणि जीवविष तयार होते.

ई. कोलायच्या काही रोगकारक प्रकारांमध्ये शिगा जीवविषाची जनुके लॅम्डासदृश सुप्त विषाणूंमध्ये असतात. डीएनएला इजा करणाऱ्या काही प्रतिजैविकांमुळे एसओएस प्रतिसाद सुरू होऊन विषाणूचा दमनक तुटतो आणि जीवविषाची निर्मिती वाढू शकते. अशा संसर्गात प्रतिजैविके देण्याबाबत सावधगिरी बाळगली जाते, त्यामागील हे एक कारण आहे.

उपयोग

जैवतंत्रज्ञानात जीवाणूंकडून हवे ते प्रथिन हव्या त्या वेळी बनवून घेण्यासाठी लॅक दमनक मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. जीवाणूंची संख्या पुरेशी वाढेपर्यंत जनुक बंद ठेवले जाते आणि नंतर आयपीटीजी घालून ते चालू केले जाते. टेटआरवर आधारित कळ १९९२ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी तयार करण्यात आली.

२००० साली संश्लेषी जीवशास्त्रातील दोन पथदर्शी रचना दमनकांपासूनच बनवण्यात आल्या. एकीत परस्परांचे दमन करणाऱ्या दोन दमनकांपासून दोन स्थिर अवस्थांची जनुकीय कळ तयार झाली. दुसरीत लॅक दमनक, टेटआर आणि सीआय यांना एका वर्तुळात गुंफण्यात आले. प्रत्येक दमनक पुढच्याचे दमन करत असल्यामुळे पेशीतील प्रथिनांचे प्रमाण ठरावीक काळाने कमी-अधिक होत राहिले. या रचनेला रिप्रेसिलेटर असे नाव आहे.

हे सुद्धा पहा

ओपेरॉन
प्रतिलेखन
आरएनए पॉलिमरेज
जीवाणुभक्षी विषाणू
प्रतिजैविक प्रतिकार
क्षयरोग